नदीकाठ झाडणारे संत गाडगेबाबा

महाराष्ट्रात अनेक थोर संत होऊन गेले. कोणी अभंग लिहिले, कोणी ग्रंथ लिहिले. संत गाडगेबाबा शाळेत गेलेच नव्हते. त्यांनी हातात खराटा घेतला आणि गावंच्या गावं झाडून काढली. हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण बाबांचं पुष्कळ काम नदीच्या काठी झालं, तिकडे कोणी लक्ष देत नाही. म्हणून मी त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात झाला. म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. त्यांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. आईचं नाव सखूबाई. घर परिटाचं होतं. परीट म्हणजे गावाचे कपडे धुणारे, त्यांचा जन्मच पाण्याच्या काठी जातो. वडील दारूपायी लवकर वारले. मग सखूबाई लहान डेबूला घेऊन माहेरी दापुऱ्याला आल्या. दापुरे अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात आहे. मामाकडे डेबू गुरं चारायचा, शेतात राबायचा. तो पोहण्यात पटाईत होता.

हा सगळा मुलूख पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. गुरुजींनी सांगितलं की पूर्णेच्या दोन्ही अंगाला खारपाणपट्टा आहे. तिथं विहीर खणली तरी खारं पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही अन् पिऊन तहानही भागत नाही. मग लोक काय करणार? नदीवर जाणार. नदीच्या वाळूत झिरा खोदला की त्यात हळूहळू पाणी पाझरतं. ते वाटीनं गुंडीत भरायचं. वाळूतून गाळून आल्यामुळे ते नितळ असतं. पण त्याच काठावर कोणी घाण केली तर तीसुद्धा पाझरून झिऱ्यातच येणार.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर मातीचं गाडगं. त्यातच ते भाकरी खात. त्यावरून त्यांचं नाव गाडगेबाबा पडलं. गावात शिरले की आधी रस्ते आणि नाल्या झाडत. रात्री कीर्तन करीत. काम केल्याशिवाय कोणाची भाकर खात नसत.

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. तिथं पौष महिन्यात यात्रा भरते. लोक नदीत अंघोळ करून देवाला जातात. त्या काळी तिथं पायऱ्या नव्हत्या. काळ्या मातीची दरड आणि खाली पाणी. ओल्या अंगानं लोक वर चढत, त्यामुळे सगळा चिखल होई. म्हातारी माणसं अन् भरली घागर घेतलेल्या बाया घसरून पडत. सगळे हे पाहत आणि पुढच्या वर्षी परत पडायला येत! बाबा मात्र कुदळ-फावडं घेऊन स्वतः दरडीत पायऱ्या खणू लागले. पुढे लोकांकडून वर्गणी जमवून त्यांनी तिथं पक्का घाट बांधला. घाटामुळे पाय घसरत नाही हे तर आहेच. पण दरड ढासळून माती पाण्यात पडत नाही, पाणी गढूळ होत नाही, हा फायदा मला मोठा वाटतो.

त्या काळी यात्रा म्हटली की पटकीचं भ्याव असे. पटकी म्हणजे कॉलरा. जुलाब आणि उलट्या होऊन धडधाकट माणूस एका दिवसात मरायचा. लोक म्हणत मरीमाय कोपली, आणि बोकड कापत. खरं कारण पाण्यात होतं. रोग्याची घाण पाण्यात जाते आणि तेच पाणी दुसरा पितो. रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८८४ साली कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू शोधून काढले. तेव्हा डेबू ८ वर्षांचा होता. बाबा काही डॉक्टर नव्हते. पण पंढरपूरला गेले तरी ते देवळात जात नसत. चंद्रभागेचं वाळवंट झाडत, लोकांनी केलेली घाण उचलत आणि रात्री तिथंच कीर्तनाला उभे राहत. बोकड कापू नका, दारू पिऊ नका, पोरांना शाळेत घाला असं सांगत. मला वाटतं, डॉक्टरांनी जे तळ्यात शोधलं तेच बाबा खराट्यानं काठावरून हाकलत होते.

बाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. त्यांची सगळी यादी दिली तर आपलं भित्तिपत्रक पुरणार नाही.

आता आपल्या नाल्याचं सांगते. आपला नाला बेंबळा नदीला मिळतो. गुरुजींनी नकाशा लावला तेव्हा मी त्यावर बोट फिरवून पाहिलं. बेंबळा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती गोदावरीत जाते, आणि गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळते. बाबांची पूर्णा तापीला मिळून पश्चिमेला अरबी समुद्रात जाते. एवढे जवळचे जिल्हे, अन् पाणी दोन बाजूंना!

बाबांच्या पुण्यतिथीला आम्ही चौथीच्या मुलामुलींनी नाल्याचा काठ झाडला. फवारणीच्या औषधाचे १७ रिकामे डबे सापडले. गुरुजींनी आम्हाला हात लावू दिला नाही, स्वतः काठीनं गोळा केले. वरच्या अंगाला लोक फवारणीचे पंप नाल्यात धुतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० माणसं तरी मेली. जे औषध अंगावर उडून माणूस मरतो, ते नाल्यात गेल्यावर कुठं जात असेल? खाली गुरं पाणी पितात आणि काठावरच गावाची विहीर आहे. विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, पण त्यानं जंतू मरतात, फवारणीचं विष जात नाही. आमचे आबाजी पंप नाल्यावर नेत नाहीत, पाण्यापासून दूर पडीक जागेत धुतात. मी हे एका काकांना सांगितलं तर ते नुसते हसले. पुन्हा सांगणार आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर बाबांनी प्राण सोडला. पेढीही पूर्णेलाच मिळते. अमरावतीला त्यांची समाधी आहे. सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, आणि अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव दिलं. मी ऋणमोचनचा घाट अजून पाहिला नाही. आबाजी म्हणाले, येत्या पौषात एसटीनं जाऊ.

— इयत्ता ४ थी