भूल देणारी परिचारिका ॲलिस मॅगॉ

१८४६ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं ईथरचा प्रयोग लोकांसमोर झाला, आणि शस्त्रक्रियेच्या वेदनेंतून मनुष्याची सुटका झाली. परंतु भीति राहिलीच. नाकावर मुखवटा येतांच जीव गुदमरे. रोगी धडपडूं लागला कीं चार माणसांनीं त्याचे हातपाय दाबून धरावे व ईथरचा मारा करावा, अशी रीत कित्येक ठिकाणीं पडली. अधिक झालेलें ईथर कधीं प्राणावरही बेते.

ॲलिस मॅगॉ यांनीं ही रीत पत्करली नाहीं. त्यांचा जन्म १८६० सालचा, ओहायो संस्थानांतला. शिकागो येथें परिचारिकेचें शिक्षण घेऊन १८९३ सालीं त्या मिनेसोटांतील रॉचेस्टर गांवीं सेंट मेरीज इस्पितळांत आल्या व प्रसिद्ध मेयो बंधूंच्या रोग्यांस भूल देऊं लागल्या.

त्यांची पद्धति सांगावयास सोपी, आचरावयास कठीण. मुखवट्यावर ईथर थेंबथेंब सोडावयाचें आणि त्याबरोबर रोग्याशीं बोलत राहावयाचें. पुढें काय वाटेल, त्यानंतर काय वाटेल, हें त्या रोग्यास आधींच समजावून सांगत. म्हणजे तें वाटूं लागल्यावर तो दचकत नसे. अर्धवट गुंगींत मन सूचना फार लवकर ग्रहण करतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून त्या वेळीं रोग्यास रुचेल तेंच बोलावें, शब्दांनींच त्यास निजवावें व ईथर होईल तितकें थोडें वापरावें, असा त्यांचा कटाक्ष असे. प्रत्येकाचा स्वभावही त्या पारखीत. क्वचित् एखाद्यास करड्या आवाजांत सांगावें लागे. बहुतेकांस मात्र समंजस, साधें बोलणेंच मानवतें, असा त्यांचा अनुभव होता. लहान मूल निजवणाऱ्या आईस हें नवें वाटणार नाहीं!

१९०६ सालीं त्यांनीं आपल्या कामाचा हिशेब प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक वेळां भूल दिली, आणि केवळ भुलीमुळें एकही मृत्यु घडला नाहीं. कोणी यास दैव म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. इतक्या रोग्यांपुढें दैव टिकत नसतें. आणि वैद्यकाची पदवी नसलेल्या एका परिचारिकेचे हे लेख शस्त्रवैद्यांच्या मासिकांत छापले गेले, ही गोष्टही त्या काळीं लहान नव्हती.

१९०८ सालीं डॉक्टर केसेल यांच्याशीं विवाह करून त्या आयोवा संस्थानांतील क्रेस्को गांवीं राहावयास गेल्या. १९२८ सालीं त्यांचा अंत झाला.