विल्यम कीथ ब्रुक्स
विल्यम कीथ ब्रुक्स (२५ मार्च १८४८ – १२ नोव्हेंबर १९०८) हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ होते. अमेरिकन कालवाची अंडी शरीराबाहेर फलित करण्याच्या प्रयोगासाठी ते ओळखले जातात.

ब्रुक्स यांचा जन्म ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. १८७३ साली पेनिकीझ बेटावरील लुई अगासी यांच्या उन्हाळी शाळेत ते शिकले. १८७५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून पुढील वर्षी ते बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रुजू झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८७८ साली त्यांनी चेसापीक प्राणिशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू केली.

== कालवांवरील संशोधन ==
युरोपातील कालव आपले डिंभ, म्हणजे बाल्यावस्थेतील पिले, काही काळ शिंपल्यांच्या आतच सांभाळते. अमेरिकन कालवाचेही तसेच असावे, असे त्या काळी गृहीत धरले जाई. ब्रुक्स यांनी कालवांच्या कल्ल्यांत पिलांचा शोध घेतला. ती सापडली नाहीत. तेव्हा १८७९ साली क्रिसफील्ड येथे त्यांनी नराचे शुक्रद्रव्य व मादीची अंडी समुद्राच्या पाण्यात एकत्र केली. त्यातून पोहणारे डिंभ तयार झाले. हे कालव आपली अंडी थेट पाण्यात सोडते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. डिंभ तळाला चिकटून स्थिरावेपर्यंत वाढविणे मात्र त्यांना साधले नाही. ते पुढच्या पिढीने साधले.

प्रयोग दिसायला साधा, पण त्याचा अर्थ मोठा होता. फलन पात्रात घडविता येऊ लागल्याने नर कोणता व मादी कोणती, हे माणसाला ठरविता आले. आज चीनमध्ये पॅसिफिक व पोर्तुगीज कालवांचा संकर करून उन्हाळ्यातील तापलेल्या पाण्यात तग धरणारी संतती मिळविण्याचे प्रयत्न होतात. त्यांतही निवडलेल्या नर-मादीचे असेच बाह्य फलन करावे लागते.

== कालव आयोग ==
चेसापीक उपसागरातील कालवे बेसुमार उपशाने घटत होती. १८८२ साली मेरिलँड राज्याने नेमलेल्या आयोगाचे ब्रुक्स प्रमुख होते. केवळ निसर्गावर विसंबून न राहता शेतीप्रमाणे कालवांची लागवड करावी, असा आग्रह १८८४ च्या अहवालात व १८९१ च्या ‘द ऑयस्टर’ या ग्रंथात त्यांनी धरला. खुल्या तळावर पोट असलेल्या कालववाल्यांना खाजगी लागवडीची धास्ती वाटे, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचा व्यापक कायदा १९०६ मध्ये झाला. तोवर उत्पादन पुष्कळ खालावले होते.

नोबेल पारितोषिक विजेते आनुवंशिकीतज्ज्ञ थॉमस हंट मॉर्गन हे ब्रुक्स यांचे विद्यार्थी होत.