राजा रविवर्मा : घराघरांत देव पोहोचवणारा चित्रकार

वर्गातल्या लहान मुलांना कागद आणि रंगखडू देऊन लक्ष्मी काढायला सांगावी. मूल अमिरातीत जन्मलेले असो की मॉरिशसहून आलेले, ते कमळ काढते, कमळावर उभी देवी काढते, चार हात काढते आणि जागा उरली तर एक हत्ती. ही लक्ष्मी त्याने घरच्या भिंतीवर पाहिलेली असते. पण ती त्या भिंतीवर आली कुठून? तिच्यामागे एका माणसाचे आयुष्य आहे. त्या माणसाचे नाव राजा रविवर्मा.

रविवर्म्यांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. वडील संस्कृतचे जाणकार, तर आई उमांबा बाई स्वतः काव्य करणारी. लहानपणी ते वाड्याच्या भिंतींवर कोळशाने चित्रे काढत, असे सांगतात. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रकार होते. रागावण्याऐवजी त्यांनी भाच्याला शिकवायला घेतले. चौदाव्या वर्षी त्यांनी त्याला तिरुवनंतपुरमला नेले आणि महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या आश्रयाला ठेवले.

तैलरंगाचे काम तेव्हा आपल्याकडे नवे होते आणि ते शिकवणारे कोणी सहजासहजी मिळत नव्हते. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवले नाही, फक्त काम करताना पाहू दिले. तेवढ्यावर रविवर्मा पुढे गेले. 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले. पुढे 1893 च्या शिकागो प्रदर्शनातही त्यांचा सन्मान झाला.

त्यांचा महाराष्ट्राशी संबंध आला तो बडोद्याच्या वाटेने. सयाजीराव गायकवाडांनी 1888 मध्ये त्यांना रामायण-महाभारत आणि पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढायला सांगितली. देवदेवतांना आणि राण्यांना कोणता वेश द्यावा, हे पाहण्यासाठी रविवर्मा आणि धाकटे बंधू सी. राजराज वर्मा देशभर हिंडले. शेवटी साडीच त्यांच्या मनात भरली. चित्रे पूर्ण झाल्यावर बडोद्याला जाण्याआधी ती मुंबईत लोकांना दाखवण्यात आली, तेव्हा पाहायला गर्दी लोटली. राजवाड्यासाठी काढलेले चित्र सामान्य माणसालाही हवे आहे, हे त्या गर्दीने दाखवून दिले.

ही गोष्ट आधीच ओळखली होती ती सर टी. माधवराव यांनी. त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषवलेले माधवराव कुंभकोणमचे, तंजावरकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. आपल्यासारखेच मुलखाबाहेर वाढलेले मराठी! चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, एकटा चित्रकार लोकांची मागणी पुरी करू शकणार नाही, असे त्यांनी रविवर्म्यांना सुचवले होते.

1894 मध्ये मुंबईत छापखाना उभा राहिला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीतून आले. ही छपाई दगडावरची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे तिचे मूळ. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि वर शाई फिरवायची. शाई फक्त तेलकट भागाला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद एकामागून एक त्या सगळ्या दगडांवर नेमक्या जागी बसला पाहिजे, नाहीतर देवीचे ओठ गालावर जायचे! शकुंतलेचा जन्म हे येथून निघालेले पहिले चित्र. मागून लक्ष्मी आली, वीणा घेतलेली आणि शेजारी मोर असलेली सरस्वती आली. मुंबईच्या मोतीबाजारातील अनंत शिवाजी देसाई यांच्यासारख्या विक्रेत्यांनी ही चित्रे गावोगाव नेली. घरच्या बायका चित्रातल्या साडीवर जर आणि टिकल्या शिवून ते सजवू लागल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरात देव आला, आणि तो भिंतीवर मानाने बसला.

रविवर्म्यांना मात्र हा उद्योग महाग पडला. मुंबईत प्लेगची साथ आली, कामगार मिळेनात. 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला. कर्ज वाढत गेले. अखेर छापखाना आणि चित्रे छापण्याचे हक्क त्यांनी आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकले. रविवर्म्यांचे नाव घेऊन चित्रे पुढेही छापली जात राहिली, पण छापखान्यावर त्यांची मालकी राहिली नाही. 1905 च्या आरंभी, जन्मभर सोबत काम केलेले बंधू गेले. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूरलाच रविवर्म्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागे काही जाणकारांनी त्यांची कला पाश्चात्त्य वळणाची, नाटकी ठरवली. तो वाद कलेच्या पुस्तकांत चालू राहिला. घराघरांतल्या तसबिरी काही कोणी उतरवल्या नाहीत.

आपल्या पूर्वजांपैकी अनेक जण रत्नागिरी-सावंतवाडीकडून येऊन मुंबई बंदरातून गिरमिटावर मॉरिशसला निघाले, तेव्हा हा छापखाना सुरूही झाला नव्हता. त्यांनी देव नेले ते मनात, आरतीत आणि भजनात. छापील देव समुद्रापारच्या वस्त्यांत मागाहून पोहोचला. आज आपण पुन्हा एकदा घर सोडून अमिरातीत आलो आहोत. भाड्याचे घर, खिळा ठोकायचा तर घरमालकाची परवानगी. तरी बर दुबईच्या गल्लीतून एक तसबीर आणून लावली, की ते घर आपले वाटू लागते.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरात जुने छापील चित्र असेल तर त्यावर इथले कडक ऊन येऊ देऊ नका, रंग उडतात. आणि नवी चौकट करताना खालची पांढरी कड कापू देऊ नका. रविवर्मा छापखान्याचे किंवा विक्रेत्याचे नाव बहुधा तिथेच असते. कड गेली की चित्राचे गाव हरवते.

चौकटीच्या मागे आपणही दोन ओळी लिहाव्यात : हे चित्र कोणी आणले, कुठून आणले, कोणत्या घरात आधी लावले होते. गिरमिटाच्या नोंदवहीत आपल्या पणजोबांना एक क्रमांक होता, नाव आणि गाव होते. त्यांच्या घराच्या भिंतीवर काय होते, हे तिथे कोणी लिहिले नाही. आपल्या नातवंडांना ते तरी कळू द्या.