विभक्ती पाठ करणारे संत

आजचं वचन : २ करिंथ ११:१४

अंधार कधी कधी उजेडाचे कपडे घालून येतो, असा इशारा संत पौल आज आपल्याला देतात. हे वचन वाचलं की बहुतेकांना मोठी पापं, मोठे मोह आठवतात. मला मात्र दर वेळी लॅटिनचं व्याकरण आठवतं आणि ते घोकत बसलेला तेहतीस वर्षांचा एक लंगडा माणूस.

संत इग्नेशियस लोयोला. त्यांची तोफगोळ्याची गोष्ट आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून माहीत आहे. १५२१, पाम्प्लोनाचा किल्ला, मोडलेला पाय, अंथरुणात वाचलेलं ख्रिस्तचरित्र, मग मान्रेसातली तपश्चर्या आणि जेरुसलेमची यात्रा. पवित्र भूमीतच राहायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तिथल्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी परत पाठवलं. इथपर्यंतची गोष्ट सिनेमासारखी आहे. त्यापुढचं आपण सहसा सांगत नाही, कारण त्यात घोडे नाहीत, तलवारी नाहीत, नुसता अभ्यास आहे.

लोकांच्या आत्म्यांना मदत करायची तर शिकायला हवं, आणि त्या काळी शिकायचं म्हणजे आधी लॅटिन. १५२४ मध्ये बार्सेलोनात जेरोनिमो आर्देवोल नावाच्या शिक्षकांनी त्यांना फुकट शिकवायचं कबूल केलं. पोटापाण्याची काळजी इसाबेल रोसेर या बाईंनी घेतली. आणि एकेकाळचा दरबारी शिपाईगडी पोराटोरांचं व्याकरण शिकू लागला.

आपण शाळेत स-ला-ते घोकलेलं आहे, म्हणून त्यांची अवस्था आपल्याला कळू शकेल. लॅटिनमध्ये नामांचे पाच गट, प्रत्येकाचे प्रत्यय वेगळे. क्रियापदांचे चार. आपल्या तृतीयेचं, पंचमीचं आणि बरंचसं सप्तमीचं काम एकटी अ‍ॅब्लेटिव विभक्ती करते, त्यामुळे शब्द ओळखला तरी अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. पहिले धडे मजेत जातात. दम लागतो तो मधल्या टप्प्यावर. वाक्यं लांबतात, करावं-जावं अशा अर्थाची रूपं पोटवाक्यांत घुसतात आणि माहीत असलेले शब्द पुरत नाहीत. नवीन प्रोग्रामिंग भाषेत हॅलो वर्ल्ड छापणं आणि दुसऱ्याचा दहा वर्षं जुना कोड समजून घेणं, यात जेवढं अंतर आहे ना, तेवढंच.

आता खरी गंमत. (गंमत आपल्यासाठी, त्यांच्यासाठी नव्हे.) इग्नेशियस पाठांतराला बसले की त्यांच्या मनात देवाविषयीचे सुंदर विचार दाटून यायचे. नवे अर्थ, नवा गोडवा. असं सांगतात की प्रेम करणे या क्रियापदाची रूपं म्हणता म्हणता ते देवाच्या प्रेमातच हरवून जायचे. पाठांतर तसंच राहायचं. तुम्ही-आम्ही याला कृपा म्हटलं असतं, पुस्तक मिटलं असतं आणि कदाचित त्यावर पोस्टही टाकली असती!

त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी एक साधी गोष्ट तपासून पाहिली. प्रार्थनेत किंवा मिस्साला असताना हे विचार एवढ्या जोराने येतात का? नाही. फक्त व्याकरण काढलं की येतात. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धारदार क्षण वाटतो, तोफगोळ्यापेक्षाही. अनुभव गोड होता, पवित्र दिसत होता, पण तो त्यांना नेमक्या हातातल्या कामापासून उठवत होता. हा मोह आहे, हे त्यांनी ओळखलं.

मग ते शिक्षकांना सान्ता मारिया देल मार चर्चमध्ये घेऊन गेले आणि सगळं मोकळेपणाने सांगून टाकलं. वचन दिलं की बार्सेलोनात जगण्यापुरती भाकरी आणि पाणी मिळतंय तोवर पुढची दोन वर्षं तुमचा पाठ मी लक्ष देऊन ऐकीन. तो मोह तिथेच संपला.

पुढचा रस्ता काही सोपा झाला नाही. अल्काला आणि सालामान्का इथे चौकशा झाल्या, दोन्हीकडे तुरुंग घडला. १५२८ मध्ये पॅरिसला पोचल्यावर लक्षात आलं की घाईघाईने पुढे गेल्यामुळे पाया कच्चाच आहे. तेव्हा वय सदतीसच्या आसपास. ते माँतेग्यू कॉलेजात पुन्हा लहान मुलांबरोबर लॅटिनला बसले. ठेवायला दिलेले पैसे एका सोबत्याने उडवले, म्हणून भीक मागून दिवस काढले. मग सेंत-बार्ब कॉलेज. तिथे खोलीत पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर भेटले. अभ्यासात फेबर त्यांना मदत करायचे. तत्त्वज्ञान सुरू झालं तसे ते जुने गोड विचार परत आले. इग्नेशियसनी आपल्या नव्या शिक्षकांना तसंच वचन दिलं, आणि तोच परिणाम झाला.

पुढे येशूसंघाची घटना लिहिताना त्यांनी विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेच्या वेळेला मुद्दाम मर्यादा घातली. ज्यांना आपण प्रार्थनेचे गुरू मानतो, त्यांनी! १५९९ मध्ये संघाच्या शाळांचा अभ्यासक्रम ठरला, त्यात व्याकरणाचे तीन वर्ग आहेत : खालचा, मधला, वरचा. याच संघातले थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांनी आपल्या मराठीत ख्रिस्तपुराण रचलं आणि कोकणीचं व्याकरणही लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये राशोलला छापलं गेलं.