वै. भगवानबाबा आणि नारळी सप्ताह

आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य ग्रामस्थ व देणगीदार बंधु-भगिनींच्या सहकार्याने सिद्धीस गेले. या मंगलप्रसंगी, बीडच्या डोंगरपट्ट्यात गावोगाव हरिनाम सप्ताह रुजविणारे वैकुंठवासी भगवानबाबा यांचे स्मरण करणे उचित होय.

बाबांचा जन्म पाटोदा तालुक्यातील सुपे सावरगाव येथे दि. २९ जुलै १८९६ रोजी झाला. वडील तुबाजी, मातोश्री कौतिकाबाई. मूळ नाव आबाजी. बालवयातच त्यांना पंढरीची ओढ लागली. नारायणगडाचे महंत माणिकबाबा यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले आणि पुढे आळंदीस बंकटस्वामींजवळ वारकरी पंथाचे शिक्षण घेतले. नंतर त्यांनी खरवंडीजवळच्या धौम्यगडावर मंदिर उभारले. दि. १ मे १९५८ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत त्या गडाला भगवानगड हे नाव मिळाले.

बाबांचे थोर कार्य म्हणजे नारळी सप्ताह. एका गावी सप्ताह पार पडला की पुढील वर्षाचा नारळ दुसऱ्या गावाला द्यावयाचा. नारळ मिळाला की त्या गावचे रुसवे-फुगवे बाजूला पडत. मंडप घालावा लागे, पाणी भरावे लागे, घरोघरी भाकरी थापाव्या लागत. सप्ताहात वीणा अहोरात्र खाली ठेवावयाची नसते. म्हणून मध्यरात्रीच्या पहाऱ्यालाही माणूस हवाच. ज्याला कोणी विचारीत नाही, त्याचीही तेथे वाट पाहिली जाते. एकटी राहणारी म्हातारी चार भाकरी घेऊन येते आणि पंगतीत चार जणींत बसून जेवते. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन यांनी चित्तशुद्धी होते हे खरेच. परंतु मनुष्याचे एकटेपणही त्याच टाळ-मृदंगात विरघळते.

आपला मुलूख कोरडवाहू. साखर कारखाने वाढले तशी येथील कर्ती माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जाऊ लागली. घरी म्हातारी माणसे आणि दाराची कडी एवढेच उरते. चैत्राच्या सुमारास तोड संपवून मंडळी परततात, तेव्हा सप्ताहाच्या मंडपात सारे गाव पुन्हा एकत्र दिसते. परंतु मधले पाच-सहा महिने मागे राहिलेल्यांनी कोणाकडे पाहावे?

दि. १८ जानेवारी १९६५ रोजी बाबांनी देह ठेवला. नारळ मात्र आजही या गावातून त्या गावी फिरतो आहे. नव्या कळसाखाली रोज सायंकाळी हरिपाठ व्हावा, आणि त्यास येताना प्रत्येकाने शेजारच्या एकट्या जिवाला हाक मारून सोबत आणावे. ज्या देणगीदारांनी दगड-विटा दिल्या त्यांचे दान त्यानेच सार्थकी लागेल, आणि बाबांचेही खरे स्मरण तेच होईल.

॥ राम कृष्ण हरि ॥