सेनापती सुवोरोव्ह

रशियाच्या इतिहासात अजिंक्य सेनानी म्हणून अलेक्सांद्र सुवोरोव्ह यांचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म १७३० च्या सुमारास मॉस्को येथे झाला. वडील लष्करी अधिकारी होते. परंतु मुलगा अशक्त असल्याने त्याने मुलकी नोकरी करावी, असे त्यांना वाटे. मुलाने मात्र व्यायाम व घोडदौड यांच्या बळावर शरीर काटक बनवले आणि वडिलांच्या ग्रंथसंग्रहातून युद्धशास्त्राचा अभ्यास स्वतःच केला. अखेर वडिलांनी संमती दिली.

१७४८ मध्ये सुवोरोव्ह पलटणीत रुजू झाले. अधिकारपद मिळण्यास त्यांना सहा वर्षे लागली. या काळात सामान्य शिपायाचे कष्ट त्यांनी जवळून पाहिले. पुढे सेनापती झाल्यावरही ते गवतावर निजत आणि शिपायांचेच अन्न खात. त्या काळी दिखाऊ कवायत आणि छडीचा मार यांनाच शिस्त मानले जाई. सुवोरोव्ह यांनी मात्र सैनिकांचे आरोग्य, प्रत्यक्ष युद्धासारखा सराव आणि सोप्या भाषेतील सूचना यांवर भर दिला. आपली कामगिरी प्रत्येक सैनिकाला समजलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

१७८९ मध्ये रिम्निकच्या लढाईत त्यांनी आपल्याहून कितीतरी मोठ्या तुर्की सैन्याचा पराभव केला. १७९० मध्ये डॅन्यूब नदीवरील इस्माइलचा बळकट किल्ला त्यांनी हल्ला करून जिंकला. या विजयांना काळी बाजूही होती. इस्माइलमध्ये आणि १७९४ मध्ये वॉर्सालगतच्या प्रागा येथे त्यांच्या सैन्याने हजारो लोकांची कत्तल केली. त्यामुळे पोलंडमध्ये त्यांची आठवण आदराने काढली जात नाही.

१७९६ मध्ये गादीवर आलेल्या सम्राट पॉल यांनी पुन्हा दिखाऊ कवायत सुरू केली. सुवोरोव्ह यांनी विरोध करताच त्यांना सेवेतून काढून खेड्यात पाठवण्यात आले. १७९९ मध्ये फ्रान्सविरुद्ध युद्धासाठी मात्र त्यांनाच परत बोलवावे लागले. उत्तर इटलीत त्यांनी लागोपाठ विजय मिळवले. नंतर त्यांना आल्प्स पर्वत ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये जाण्याचा हुकूम झाला. तेथे जे सैन्य त्यांना मिळणार होते, त्याचा आधीच पराभव झाला होता. शत्रूंनी वेढलेले, उपाशी सैन्य घेऊन सत्तरीचा हा सेनापती बर्फाच्छादित खिंडींतून बाहेर पडला. तोफा सोडाव्या लागल्या, हजारो सैनिक गमावले. पण त्यांनी शरणागती पत्करली नाही.

या पराक्रमाबद्दल त्यांना सर्वोच्च सेनापतिपद मिळाले. तथापि सम्राटांची मर्जी पुन्हा फिरली. मे १८०० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे सुवोरोव्ह यांचे निधन झाले. त्यांच्या समाधिशिलेवर पदव्यांची यादी नाही. येथे सुवोरोव्ह विसावले आहेत, एवढेच तेथे लिहिले आहे.