ज्युलियाबाईंचा कॅमेरा

उत्सवात हौशी छायाचित्रकारांची चित्रे भिंतीवर लागली की त्यांच्यापुढे उभे राहून आम्ही सगळेच परीक्षक होतो. चेहरा हललाय, कान पुसट आलाय, उजेड कमी पडलाय! अशा वेळी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची आठवण होते. त्यांनी असे शेरे जन्मभर ऐकले.

ज्युलियाबाईंचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, आई फ्रेंच वंशाची. १८३६ साली हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला गेल्या असता त्यांना दोन माणसे भेटली. एक खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल, दुसरे कायदेपंडित चार्ल्स कॅमेरॉन. चार्ल्स वीस वर्षांनी मोठे. १८३८ मध्ये कलकत्त्यातच दोघांचा विवाह झाला. छायाचित्रणाचे अगदी सुरुवातीचे नमुने ज्युलियाबाईंनी पाहिले तेही हर्शेल यांच्यामुळे. पुढे कुटुंब इंग्लंडला गेले आणि १८६० साली आइल ऑफ वाइट बेटावर, कवी टेनिसन यांच्या शेजारी स्थायिक झाले.

१८६३ च्या डिसेंबरात मुलगी आणि जावई यांनी त्यांना एक कॅमेरा भेट दिला. पती सिलोनमधील कॉफीच्या मळ्यांवर गेलेले. बाईंचा वेळ बरा जावा, एवढाच हेतू. तेव्हा त्यांचे वय होते ४८. त्यांनी कोळशाच्या खोलीची अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा काचघर-स्टुडिओ. काम सोपे नव्हते. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन धुवायची. समोरच्या माणसाला काही मिनिटे निश्चल बसावे लागे. नवी काच तयार झाली की बाई ती ठिबकत तशीच जेवणघरात नेऊन पतीला दाखवत. टेबलावरची कितीतरी वस्त्रे त्या डागांनी वाया गेली, पण पतीचे कौतुक कधी आटले नाही.

बाहेरचे परीक्षक इतके प्रेमळ नव्हते. १८६४ मध्ये त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या आणि प्रदर्शनांतून चित्रे मांडू लागल्या. सोसायटीच्या नियतकालिकाने त्यांच्या कामाला गबाळे ठरवले: चित्रे अस्पष्ट, काचांवर डाग, बोटांचे ठसे. यातले डागांचे म्हणणे खोटे नव्हते. पण अस्पष्टता हा निव्वळ अपघात नव्हता. भिंग फिरवताना चेहरा जिथे सुंदर दिसे तिथे त्या थांबत. रेषा आणखी काटेकोर करण्याची त्यांना गरज वाटत नसे. त्यांना बटणे आणि झालर नको होती, माणूस हवा होता. चित्रकार वॉट्स यांचा सल्ला मात्र त्या मनापासून घेत. बर्लिनच्या प्रदर्शनात १८६५ साली त्यांना कांस्यपदक आणि पुढच्याच वर्षी सुवर्णपदक मिळाले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८६५ मध्येच त्यांची चित्रे विकत घेतली.

१८६७ साली त्यांनी वृद्ध हर्शेल यांचे चित्र घेतले. आधी त्यांना केस धुवायला लावले, म्हणून ते पांढरे केस विस्कटून प्रभावळीसारखे चमकतात. टेनिसन, कार्लाइल, डार्विन हेही त्यांच्या कॅमेऱ्यापुढे बसले, आणि घरकाम करणारी मेरी हिलियर मेरी माता होऊन बसली.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती १८६९ मधील घटना. काचांवरचा थर तडकून चांगल्या निगेटिव्ह खराब होऊ लागल्या, तेव्हा ज्युलियाबाई त्याच सोसायटीच्या सभेत त्या काचा घेऊन गेल्या आणि कारण विचारले. थट्टा झाली तिथेच शिकायला जाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हात कुठे चुकतो हे त्या विचारत. काय पाहायचे हे मात्र स्वतः ठरवत.

१८७५ साली पतिपत्नी सिलोनला गेले. २६ जानेवारी १८७९ रोजी ज्युलियाबाईंचे तिथेच निधन झाले. त्यांच्या भाचीची मुलगी, लेखिका व्हर्जिनिया वुल्फ, यांनी १९२६ मध्ये रॉजर फ्राय यांच्यासह त्यांच्या चित्रांचे पुस्तक काढले आणि त्या पुन्हा लोकांसमोर आल्या.

म्हणून पुढच्या वेळी पुसट चित्रापुढे थांबताना आम्ही शेरा मारण्याआधी चेहऱ्याकडे क्षणभर अधिक पाहू. आणि चित्र काढणाऱ्याने आमचे ऐकावे, पण सगळेच ऐकू नये.